फोटो वचना रे! हायब्रिड ॲपातून गॅलरीतले फोटो अपलोड करताना

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या पोरांनी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीची, स्पर्धा ठेवली. कला आणि संस्कृती संचालनालयाची असते ती वेगळी, ही आपली गावची, पहिलं बक्षीस कुकर. परीक्षकांना घरोघर फिरवायला पाऊस देत नाही म्हणून ठरलं की प्रत्येकानं आपल्या माटोळीचे पाच फोटो ॲपातून पाठवायचे, आणि ॲप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसाला प्रिंटरपासून टीव्हीपर्यंत सगळं येतं असा घरच्यांचा पक्का समज. आयोनिक आणि कपॅसिटर, म्हणजे वेबपेजसारखं लिहून फोनचं ॲप बनवायची साधनं, मला येत होती, दोन रात्रीत ॲप उभं केलं, पणजीत ऑफिसच्या वायफायवर माझ्या फोनवर झकास चाललं. चवथीच्या दुपारी जेवायला बसलो, खतखतं पानात वाढलेलं, आणि सत्तरी तालुक्यातून मामीचा फोन. ‘बाबा, फोटो वचना रे.’ म्हणजे कोकणीत, जात नाहीत.

संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन. कोणाचं ॲप फोटो निवडल्यावर गपकन बंद होतंय, कोणाचं चक्र नुसतं फिरतंय, एकाची माटोळी आडवी आली, म्हणजे नारळ भिंतीला चिकटल्यासारखे, आणि एका काकांचा एकच फोटो तीनदा पोचला. शेवटी बरेच फोटो वॉट्सॲपवर मागवून घेतले आणि नाक कापलं गेलं ते गेलंच. त्यानंतर मी हे सगळं परत पहिल्यापासून लिहिलं, आणि तेव्हा जे कळलं ते इथं सांगतो. कोड टाकत नाहीये, फंक्शनांची नावं आपण बोलताना म्हणतो तशीच लिहितो, डॉक्युमेंटेशनमध्ये शोधली की लगेच सापडतील.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, बाकीचं त्याच्यावरच उभं आहे. फोटो निवडणं, फोटो आपल्याकडे सांभाळून ठेवणं आणि फोटो पाठवणं ही ३ वेगळी कामं आहेत. मी तिन्ही एकाच बटणाच्या एकाच फंक्शनात कोंबली होती आणि तिथंच सगळं फसलं.

आधी निवडणं

हायब्रिड ॲप म्हणजे आतून वेबपेजच, फोनच्या वेबव्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमध्ये चालणारं. वेबपेजला गॅलरी दिसत नाही, ते प्लगइन नावाच्या जोड-तुकड्याला सांगतं, प्लगइन नेटिव्ह, म्हणजे फोनच्या स्वतःच्या सिस्टिमच्या, बाजूला जाऊन फोटो आणतं आणि दोघांच्या मधल्या पुलावरून उत्तर देतं. आता गंमत अशी की ह्या पुलावरून मजकूर जातो, म्हणजे अक्षरं. फोटो त्यावरून न्यायचा तर त्याची अक्षरं करावी लागतात, तेच बेस ६४. दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे साडेचार एमबीचा फोटो ६ एमबीची एक लांबलचक स्ट्रिंग होऊन येतो, तिची एक प्रत नेटिव्ह बाजूला, एक जावास्क्रिप्टमध्ये, मग तुम्ही ती इमेज टॅगला दिली की वेबव्यू तो फोटो उलगडतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० गुणिले ३०००, दर पिक्सेलला ४ बाइट, झाले ४८ एमबी फक्त दाखवायला. असे ५ फोटो एकदम. माझ्या फोनला काही वाटलं नाही, मामीच्या २ जीबीवाल्या फोननं मान टाकली.

म्हणून कपॅसिटरच्या कॅमेरा प्लगइनमध्ये रिझल्ट टाइप कायम यूआरआय ठेवा. बेस ६४ आणि डेटा यूआरएल हे पर्याय आहेत म्हणून वापरायचे नसतात, प्रोफाइलचा एखादा अंगठ्याएवढा फोटो असेल तर ठीक. यूआरआय मागितला की फोटो येत नाही, त्याचा पत्ता येतो, आणि सोबत वेबपाथ नावाची गोष्ट येते जी थेट इमेज टॅगच्या सोर्सला देता येते. अनेक फोटो हवेत तर गेटफोटोच्या ऐवजी पिकइमेजेस वापरा, त्याला लिमिट देता येतं, पण ते लिमिट सगळ्याच फोनवर पाळलं जाईल असं धरू नका, परत आलेली यादी मोजा आणि ५ च्या वर असतील तर माणसाला सांगा.

कोर्डोव्हावाले, म्हणजे कपॅसिटरच्या आधीचं तसलंच साधन वापरणारे, अजून आहेत मला माहितीय, एका ओळखीच्याचं हॉटेल बुकिंगचं ॲप अजून त्यावरच चालतंय आणि छान चालतंय. तिथं गेटपिक्चर, सोर्स टाइप फोटो लायब्ररी, डेस्टिनेशन टाइप फाइल यूआरआय. मात्र जुन्या लेखांमध्ये फाइल ट्रान्सफर प्लगइन वापरायला सांगतात ते आता करू नका, कोर्डोव्हाच्या लोकांनी स्वतःच २०१७ मध्ये ते बाजूला ठेवून साध्या एक्सएचआरनं, म्हणजे ब्राउझरच्या सर्व्हरशी बोलायच्या जुन्या पद्धतीनं, पाठवा म्हटलं होतं.

आणि खरं सांगू का, तुमची गरज एवढीच असेल की माणसानं एक फोटो निवडावा, चांगल्या नेटवर्कवर, आणि तो लगेच जावा, तर प्लगइनच नको. इनपुट टाइप फाइल, ॲक्सेप्टमध्ये इमेज, अनेक हवे असतील तर मल्टिपल. वेबव्यूमध्येही चालतं, गॅलरी उघडते, हातात सरळ फाइल ऑब्जेक्ट येतो, बेस ६४ ची भानगडच नाही. लोक ह्याला कमी समजतात, मीही समजायचो.

अँड्रॉइडवर कधी कधी पत्ता कंटेंट अशा सुरुवातीचा येतो. तो फाइलचा पाथ नाही. इंटरनेटवर त्यातून ‘खरा पाथ’ काढायचे शंभर जुगाड मिळतील, त्यांच्या नादाला लागू नका, २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून स्कोप्ड स्टोरेज आलं तेव्हापासून असा पाथ मिळाला तरी तो उघडेलच असं नाही. फोटो फोनमध्ये नसून क्लाउडवरही असू शकतो, गॅलरीत फक्त त्याची छोटी आवृत्ती दिसत असते, निवडल्यावर पूर्ण फोटो खाली उतरतो. नेट मंद असेल तर निवडल्यानंतर काही सेकंद काहीच होत नाही असं दिसतं आणि माणूस परत बटण दाबतो. म्हणून निवडायला पाठवलं की बटण बंद करा, परत आल्यावर चालू करा.

परवानग्या, थोडक्यात

आयफोनवर इन्फो डॉट पीलिस्ट ह्या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये फोटो लायब्ररी कशाला हवी ते कारण लिहावंच लागतं, कॅमेरा वापरणार असाल तर त्याचंही वेगळं. २०१६ च्या आयओएस १० पासून हे कारण नसेल तर ॲप विचारत नाही, सरळ बंद पडतं, आणि तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसता. कारण माणसाच्या भाषेत लिहा, ‘माटोळीचे फोटो स्पर्धेला पाठवण्यासाठी’ असं.

अँड्रॉइडवर उलट सल्ला, जेवढं कमी मागाल तेवढं बरं. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, जुनी स्टोरेज वाचायची परवानगी फोटोंसाठी चालत नाही, रीड मीडिया इमेजेस अशी वेगळी आली, आणि १४ मध्ये माणसाला ‘फक्त हेच फोटो’ असं देता येतं. पण सिस्टिमचा फोटो पिकर वापरला तर ह्यातली एकही परवानगी लागत नाही, माणूस जे निवडेल तेवढंच ॲपला मिळतं. प्ले स्टोअरवालेही आता अधूनमधून फोटो लागणाऱ्या ॲपांना पिकरच वापरा म्हणतात. तेव्हा मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, कुठून तरी कॉपी करून आणलेल्या परवानग्यांच्या ओळी असतील तर आधी त्या उडवा, मी चार उडवल्या.

लहान करा, आडवा-उभा बघा

परीक्षकाला माटोळी बघायची आहे, फ्लेक्स छापायचा नाहीये. लांब बाजू १६०० पिक्सेल भरपूर झाली, माटोळीला बांधलेल्या फळांतलं कांगणं कुठलं, घागऱ्यो कुठल्या, तोरिंग कुठं बांधलंय ते नीट कळतं. क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवा. ४ एमबीचा फोटो साधारण ४०० केबीवर येतो. आता हिशेब करा, सत्तरीत पावसात अपलोडला १ एमबीपीएस मिळालं तर देवाची कृपा, त्यावर ४ एमबीला ३२ सेकंद, ५ फोटोंना पावणेतीन मिनिटं, तेही मध्ये रेंज गेली नाही तर. लहान केल्यावर तेच ५ फोटो १६ सेकंदात. बाकी सगळं सोडलंत तरी एवढं एक करा. प्लगइनला विड्थ आणि हाइट दिली की ते नेटिव्ह बाजूलाच लहान करून देतं, वेबव्यूची मेमरी वाचते. इनपुटवाल्या रस्त्यानं गेलात तर कॅनव्हासवर लहान काढून टूब्लॉबनं जेपेग घ्या.

आडव्या माटोळीचं कारण एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये लपलेली माहिती. फोन उभा धरून काढला तरी सेन्सर बहुतेक वेळा आडवाच फोटो साठवतो आणि सोबत चिठ्ठी ठेवतो की दाखवताना ९० अंश फिरवा. ही चिठ्ठी वाचली गेली तर फोटो सरळ, मध्ये कोणी फेकून दिली तर आडवा. हल्ली ब्राउझर चिठ्ठी वाचतात म्हणून ॲपात बरोबर दिसतं, पण माझा सर्व्हर थंबनेल बनवताना चिठ्ठी फेकत होता, त्यामुळे परीक्षकांच्या यादीत आडवं आणि मी बघतोय ॲपात. प्लगइनमध्ये करेक्ट ओरिएंटेशन चालू ठेवा आणि सर्व्हरवर थंबनेल करायच्या आधी चिठ्ठीप्रमाणे फिरवून घ्या.

त्याच एक्झिफमध्ये फोटो कुठं काढला त्याचं जीपीएस असू शकतं. माटोळी म्हणजे कोणाच्या तरी घरातली देवाची खोली, तिचा अचूक पत्ता फोटोसोबत सगळ्यांना वाटायची गरज नाही. फोटो लहान केला म्हणून ही माहिती गेली असं समजू नका, काही वेळा ती नव्या फाइलमध्ये जशीच्या तशी कॉपी होते. सर्व्हरवर फोटो फिरवून झाला की सगळं एक्झिफ पुसून टाका.

आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी ह्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये असू शकतात. अनेक सर्व्हरांवरच्या इमेज लायब्रऱ्या ते उघडत नाहीत, म्हणून जेपेग करूनच पाठवा, आणि फाइलचं नाव जेपीजी ठेवलं म्हणजे आतला फोटो जेपेग झाला असं नसतं हेही बघा.

सांभाळून ठेवणं, जे कोणीच करत नाही

निवडलेला फोटो प्लगइन तात्पुरत्या जागी ठेवतं, कॅश फोल्डरात. ते फोल्डर जागा कमी पडली की सिस्टिम न विचारता रिकामं करते. माणसानं फोटो निवडला, रेंज नाही म्हणून फोन खिशात टाकला, रात्री फोंड्याला आल्यावर ॲप उघडलं, पत्ता आहे पण त्या पत्त्यावर कोणी राहत नाही.

म्हणून निवडल्या निवडल्या फाइलसिस्टिम प्लगइननं त्याची प्रत ॲपच्या स्वतःच्या डेटा डिरेक्टरीत करा. कॉपी वापरा, वाचून परत लिहू नका, नाहीतर बेस ६४ मागच्या दारानं आत येतं. प्रत्येक फोटोला फोनवरच एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशालाही नसेल अशी खूण, द्या आणि तेच फाइलचं नाव ठेवा. मग एक साधी यादी, कुठला आयडी, कोणाची माटोळी, स्थिती काय, थांबलाय, चाललाय की पोचला. पाच-पन्नास फोटोंना प्रेफरन्सेस प्लगइनमध्ये जेसन मजकूर म्हणून ठेवलेली यादी पुरते, एसक्यूलाइट डेटाबेसची तोफ नको.

यादीत पूर्ण पाथ साठवू नका, फक्त नाव साठवा. आयफोनवर ॲप अपडेट झालं की ॲपच्या फोल्डरचा पूर्ण पाथ बदलू शकतो, फाइल असते, पण जुन्या पाथवर सापडत नाही. दर वेळी नाव आणि डिरेक्टरी देऊन गेटयूआरआयनं ताजा पत्ता काढा, कन्व्हर्टफाइलसोर्सनं तो वेबव्यूला चालेल असा करून घ्या.

अजून एक, हे अँड्रॉइडवर कमी रॅमच्या फोनमध्येच दिसतं. कॅमेरा किंवा गॅलरी उघडली की तुमचं ॲप मागे जातं, आणि मेमरी कमी असेल तर सिस्टिम ते मारून टाकते. माणूस फोटो काढून परत येतो तर ॲप पहिल्यापासून सुरू, भरलेलं नाव-पत्ता गायब. त्याला वाटतं ॲप क्रॅश झालं. उपाय दोन, कॅमेरा उघडायच्या आधी फॉर्ममधला मजकूर साठवून ठेवा, आणि ॲप प्लगइनचा ॲप रिस्टोअर्ड रिझल्ट हा इव्हेंट ऐका, हरवलेला फोटो त्यातून परत मिळतो.

आता पाठवणं

फाइलच्या त्या ताज्या पत्त्यावर फेच (आणायचं-पाठवायचं काम करणारं फंक्शन) मारा, रिस्पॉन्सचा ब्लॉब, म्हणजे कच्च्या डेटाचा गठ्ठा, करा, तो फॉर्मडेटामध्ये घाला, तिसरं आर्ग्युमेंट म्हणून फाइलचं नाव द्या, पोस्ट करा. एवढंच आहे. पण ह्या एवढ्याशात चार खड्डे आहेत आणि मी चारही खड्ड्यांत पडलोय, आमच्याकडचे पावसाळ्यातले रस्ते बरे.

पहिला, कंटेंट टाइप हेडर स्वतः लिहू नका. मल्टिपार्ट फॉर्म डेटा असं हातानं लिहिलं की त्याच्यासोबतची बाउंडरी जात नाही, सर्व्हरला फोटो कुठं सुरू झाला नि कुठं संपला ते कळत नाही आणि तो म्हणतो फाइलच आली नाही. हेडर सोडून द्या, फेच स्वतः बरोबर लावतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या रिक्वेस्टना जेसनचं हेडर लावणारा इंटरसेप्टर असेल तर तोही इथं टाळा, मला ह्यात अर्धी रात्र गेली.

दुसरा, सर्व्हरकडून ४१३ (फाइल फार मोठी) किंवा ५०० (सर्व्हरच बिघडला) आलं तरी फेच एरर फेकत नाही. त्याच्या मते उत्तर आलं म्हणजे काम झालं. रिस्पॉन्स डॉट ओके बघा, नाहीतर ‘फोटो पोचला’ म्हणून हिरवी खूण दाखवाल आणि सर्व्हरवर शिमगा.

तिसरा म्हणजे ते ४१३ येतं कुठून. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर न सांगता १ एमबीच्या वरचं काही घेत नाही, क्लायंट मॅक्स बॉडी साइझ वाढवावी लागते. मागे पीएचपी असेल तर त्याची स्वतःची मर्यादा वेगळी, अपलोड मॅक्स फाइलसाइझ मूळची २ एमबी, पोस्ट मॅक्स साइझ ८ एमबी. दोन्हीकडे बघा, एकीकडे वाढवून उपयोग नाही.

चौथा कॉर्स, म्हणजे कुठून आलेली रिक्वेस्ट चालेल ते ठरवणारा नियम. ब्राउझरमध्ये चालतं आणि फोनवर नाही, तर ओरिजिन, म्हणजे रिक्वेस्ट कुठून आली तो पत्ता, बघा. आयफोनवर कपॅसिटर ॲपचं ओरिजिन कपॅसिटर स्कीमचं लोकलहोस्ट असतं, अँड्रॉइडवर नव्या आवृत्त्यांत एचटीटीपीएस लोकलहोस्ट, जुन्यांत एचटीटीपी. सर्व्हरवर ही नावं परवानगीच्या यादीत हवीत. आणि सर्व्हर एचटीटीपीएसवरच ठेवा, अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलेलं असतं.

पाचही फोटो प्रॉमिस ऑलनं एकदम सोडायचा मोह होतो, करू नका. बारीक नळातून पाच बादल्या एकदम भरायला लावल्यासारखं, एकही भरत नाही आणि सगळ्या टाइमआउट होतात. एकामागून एक पाठवा, एक पोचला की यादीत खूण, मग पुढचा. एक अडला तर आधीचे गेलेले सुरक्षित.

काकांच्या तीन फोटोंचा उलगडा इथंच झाला. फोटो सर्व्हरवर पोचला होता, पण ‘पोचला’ हे उत्तर परत येताना रेंज गेली, ॲपला वाटलं गेला नाही, त्यानं परत पाठवला, परत तेच. म्हणून तो फोनवर दिलेला यूयूआयडी फॉर्मडेटामध्ये पाठवा, आणि सर्व्हरला सांगा की हा आयडी आधीच असेल तर नवीन नोंद करू नको, फक्त ‘हो, आहे माझ्याकडे’ म्हण. मग दहादा पाठवला तरी फोटो एकच.

परत कधी पाठवायचं? ॲप उघडल्यावर, नेटवर्क प्लगइननं कनेक्शन आलं सांगितल्यावर, आणि एक ‘परत पाठव’ बटण. कनेक्टेड म्हणजे इंटरनेट आहेच असं नाही हं, टॉवर दिसतो पण डेटा हलत नाही हे आपल्याला नवीन नाही. अपयश आलं की ५ सेकंद, मग १५, मग मिनिट, असं थांबत जा. ॲप सुरू होताना ‘चाललाय’ स्थितीत अडकलेले सगळे परत ‘थांबलाय’ करा, कारण मधेच ॲप मेलं असेल तर ते तसेच कायम लटकतात.

ॲप मागे गेलं की वेबव्यू फार वेळ चालू राहत नाही, आयफोनवर तर लगेच झोपवतात. मागच्या मागे अपलोड करायला नेटिव्ह प्लगइन लागतं, आमच्या पाच फोटोंना मी ते घातलं नाही, सरळ स्क्रीनवर लिहिलं, ‘सगळे फोटो जाईपर्यंत ॲप उघडं ठेवा’. लोक ठेवतात. किती टक्के गेलं ते दाखवायचं असेल तर फेच सोडून एक्सएचआर घ्या, त्याच्या अपलोडवर प्रोग्रेस इव्हेंट मिळतो. मी टक्के न दाखवता ‘५ पैकी ३ पोचले’ एवढंच दाखवतो, मामीला ते जास्त कळतं.

तपासणी

आपल्या चांगल्या फोनवर तपासू नका. घरातला सर्वात जुना फोन घ्या, गॅलरी भरलेली, स्टोरेज कडेला आलेलं. क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून अँड्रॉइडचा वेबव्यू बघता येतो, आयफोनचा मॅकवरच्या सफारीतून. अपलोड चालू असताना फ्लाइट मोड टाका, काढा. अपलोड अर्ध्यात असताना ॲप ओढून बंद करा, उघडा. आणि अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोंट कीप ॲक्टिव्हिटीज’ म्हणून एक पर्याय आहे तो चालू करून कॅमेऱ्यातून फोटो काढा, कमी रॅमच्या फोनवर जे होतं ते तुमच्या फोनवर दर वेळी घडेल.

तपासून झालं की तो पर्याय बंद करा. मी तसाच ठेवला होता, आणि दोन दिवस प्रत्येक ॲप परत गेल्यावर पहिल्यापासून उघडतंय म्हणून फोन बिघडला समजून म्हापशाला दुकानात घेऊन गेलो. तिथल्या पोरानं बघितलं, एक टिक काढली आणि पैसे घेतले नाहीत.